वाटाण्याची पूड घातलेली कॉफी

‘जर्मनीला यायच्या आधी काय वाचू?’ असं विचारणारे मेसेज मला वर्षातून चार-पाच तरी येतात. कुणी शिकायला येणार असतं, कुणी नोकरीला. प्रत्येकीला वेगवेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हणून ही पोस्ट.

मी लाइपझिगला, म्हणजे पूर्वीच्या पूर्व जर्मनीतल्या शहरात, आले तेव्हा जर्मनीबद्दल मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, हिटलर आणि बर्लिनची भिंत. शाळेच्या पुस्तकात एका धड्यात महायुद्ध संपत होतं आणि पुढच्या एका धड्यात भिंत पडत होती. मधल्या ४४ वर्षांत माणसं कशी जगली, याची एक ओळही नव्हती. आणि माझ्या इमारतीतले निम्मे शेजारी नेमके त्या वर्षांत वाढलेले!

दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. पहिलं वर्षभर आमचा संवाद जिन्यातल्या ‘गुटेन टाग’च्या पुढे गेला नाही. मग विल्हेल्म-लॉयश्नर चौकातल्या शहर ग्रंथालयातून मी कात्या होयर यांचं पूर्व जर्मनीवरचं पुस्तक आणलं. २०२३ साली आलेलं. होयर यांचा जन्म पूर्व जर्मनीतलाच, पण त्या राहतात ब्रिटनमध्ये आणि पुस्तक लिहिलं इंग्रजीत. इंग्रजी नावाचा अर्थ होतो ‘भिंतीपलीकडे’. जर्मन भाषांतराचं नाव मात्र ‘भिंतीच्या अलीकडे’. पुस्तक तेच, पण वाचणारा कुठे उभा आहे त्यावर अलीकडे-पलीकडे बदललं. मला ते नावच फार आवडलं.

त्यात कॉफीची गोष्ट आहे. १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये हिमदंव पडून कॉफीचे मळे जळाले आणि जगभर भाव भडकले. पूर्व जर्मनीकडे परकीय चलन जेमतेम. मग १९७७ मध्ये सरकारने ‘काफे-मिक्स’ बाजारात आणली. त्यात ५१ टक्के कॉफी आणि बाकी राय, बार्ली, शुगरबीट, वाटाण्याची पूड असली भर. हॉटेलांतल्या कॉफी मशीनमध्ये त्या वाटाण्याच्या पुडीचा लगदा व्हायचा आणि चाळण्या तुंबायच्या. लोक इतके चिडले की सरकारकडे तक्रारींच्या पत्रांचा ढीग लागला. पश्चिमेकडे ‘याकोब्स क्र्यॉनुंग’ (क्र्यॉनुंग म्हणजे राज्याभिषेक) नावाची कॉफी मिळते. पक्षप्रमुख एरिक होनेकर यांच्या नावावरून लोकांनी या मिक्सला ‘एरिक्स क्र्यॉनुंग’ म्हणायला सुरुवात केली. पुढे पूर्व जर्मनीने व्हिएतनाममध्ये कॉफीची लागवड उभी करायला पैसा आणि यंत्रं पुरवली. पण झाडं भरघोस फळू लागेपर्यंत पूर्व जर्मनी हा देशच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जिन्यात आजी भेटल्या. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, “काफे-मिक्स खरंच इतकी वाईट होती?” त्या थांबल्या, हातातली पिशवी खाली ठेवली आणि हसायला लागल्या. मग म्हणाल्या, “रविवारी साडेतीनला या.”

तेव्हापासून दर रविवारी मी जाते. राजकारणाबद्दल मी काही विचारलं असतं, तर त्यांनी नम्रपणे विषय बदलला असता, हे आता मला कळतं. कॉफीबद्दल विचारलं म्हणून दार उघडलं. पश्चिमेतल्या बहिणीकडून येणाऱ्या पार्सलचा वास, त्यातल्या कॉफीचं पाकीट संपल्यावरही ते कपाटात कपड्यांमध्ये ठेवणं, मुलीला सहा महिन्यांची असताना पाळणाघरात ठेवून कामावर जाणं, हे सगळं त्या कॉफीच्या मागोमाग आलं.

होयर यांच्या पुस्तकावर जर्मनीत कडक टीकाही झाली. रोजचं जगणं रंगवताना हुकूमशाही सौम्य करून दाखवली, असा मुख्य आक्षेप. मला तो पूर्ण पटत नाही, पण हे एकच पुस्तक वाचून थांबू नका, असं मी नक्की सांगेन. त्याच्या जोडीला अॅना फंडर यांचं ‘श्टाझीलँड’ वाचा. लेखिका ऑस्ट्रेलियन, आणि विषय श्टाझी, म्हणजे पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस यंत्रणा. १९८९ मध्ये श्टाझीचे पूर्णवेळ कर्मचारीच ९० हजारांच्या वर होते, खबरे वेगळे. त्यांनी मागे ठेवलेल्या कागदपत्रांची लांबी भरते १११ किलोमीटर. राजवट कोसळताना कर्मचाऱ्यांनी हाताने फाडलेल्या कागदांची हजारो पोती सापडली, आणि ते तुकडे जुळवत बसलेली माणसं फंडर यांना भेटली. ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

दुसरं टिमथी गार्टन अॅश यांचं. हे इंग्रज इतिहासकार तरुणपणी पूर्व बर्लिनमध्ये राहिले होते. १९९२ पासून श्टाझीने आपल्यावर ठेवलेली फाइल पाहण्याचा हक्क ज्याला त्याला मिळाला, तेव्हा त्यांनी स्वतःची मागवली. ३२५ पानं निघाली. श्टाझीने त्यांना नाव दिलं होतं ‘रोमिओ’. मग ते एकेका खबऱ्याला आणि अधिकाऱ्याला शोधून भेटायला गेले. खलनायक शोधायला निघालेला हा माणूस परत येतो तो बहुतेक दुबळी, घाबरलेली, स्वतःची समजूत घालणारी माणसं भेटून. छोटं पुस्तक आहे, पण माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात प्रामाणिक.

लाइपझिगमध्ये ‘रुंडे एके’ म्हणून एक इमारत आहे. इथलं श्टाझीचं कार्यालय तिथेच होतं, ४ डिसेंबर १९८९ च्या संध्याकाळी लोकांनी ते ताब्यात घेतलं. आता तिथे संग्रहालय आहे. त्याआधी ९ ऑक्टोबरला निकोलाय चर्चपासून निघालेले ७० हजारांच्या आसपास लोक राजवटीच्या निषेधार्थ याच रिंग रोडवरून मेणबत्त्या घेऊन चालले होते. मी रोज त्याच रस्त्यावरून ट्रामने कामाला जाते.

एका रविवारी धीर करून मी आजींना विचारलं, “तुम्ही तुमची फाइल पाहिलीत?” त्या बशीतला केक कापत होत्या. कापून झाल्यावर म्हणाल्या, “नाही. मागवलीच नाही.” पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. ती शांतता मात्र वाचलेल्या पुस्तकांमुळे मला समजली. त्या १११ किलोमीटरमध्ये कुणाची सही आढळेल, कुठल्या मैत्रिणीची, कुठल्या भावाची, या भीतीने फाइल न मागवणारे पुष्कळ आहेत.

युद्धानंतरच्या दहा वर्षांसाठी हाराल्ड येनर यांचं ‘वोल्फ्सत्साइट’ घ्या. मूळ जर्मन २०१९ चं, इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. १९४६ च्या अखेरीस कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांनी प्रवचनात सांगितलं की जीव वाचवण्यापुरतं गरजेचं घेतलं तर ते समजून घ्यायला हवं. कडाक्याच्या थंडीत मालगाड्यांवरचा कोळसा पळवण्याला तिकडे ‘फ्रिंग्सेन’ हे क्रियापदच तयार झालं! वस्तूंतून इतिहास आवडत असेल तर नील मॅकग्रेगर यांचं जर्मनीवरचं पुस्तक छान आहे. त्यातली साधी लाकडी हातगाडी वाचल्यापासून बागांमध्ये फुलं लावून ठेवलेली तशी गाडी दिसली की मी थबकते. पूर्वेकडच्या प्रदेशांतून हाकलले गेलेले सव्वा कोटीच्या आसपास जर्मन लोक आपला संसार घेऊन आले, त्यातले कितीतरी असल्या गाड्या ओढत.

पण एकच पुस्तक निवडायचं झालं तर मी व्हिक्टर क्लेम्पेरर यांच्या रोजनिशा निवडेन. आपल्याकडे गोडसे भटजींमुळे १८५७ कळतं ते एका दक्षिणेच्या शोधात निघालेल्या भिक्षुकाच्या नजरेने, म्हणून ते इतकं खरं वाटतं. तसंच इथे. क्लेम्पेरर ड्रेस्डेनचे ज्यू प्राध्यापक, पत्नी ज्यू नव्हती म्हणून छळछावणीपासून वाचलेले. नाझी काळात त्यांनी रोज लिहिलं. फुलं विकत घ्यायला बंदी, टाइपरायटर जमा करा, ट्राममध्ये चढू नका. १९४२ मध्ये ज्यूंना पाळीव प्राणी ठेवायला बंदी आली आणि त्यांना आपलं मुशेल नावाचं मांजर मारायला द्यावं लागलं. लाखांचे आकडे मी आधी वाचले होते. त्या मांजराच्या पानावर मात्र मला रडू आलं.

हे मी आजींना सांगितलं. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि एक जीर्ण, छोटं पुस्तक घेऊन आल्या. क्लेम्पेरर यांचंच, नाझींच्या भाषेवरचं, पूर्व जर्मनीच्या काळातली लाइपझिगच्या रेक्लाम प्रकाशनाची आवृत्ती. त्यांच्या दिवंगत यजमानांचं. नाझींनी ‘फानाटिश’, म्हणजे ‘धर्मांध’सारख्या निंदेच्या शब्दाला कौतुकाचा कसा केला, ते त्यात लिहिलंय. पानोपानी पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत, आणि काही शब्दांशेजारी समासात एक सालही लिहिलेलं आहे.

ती सालं १९३३ ते १९४५ मधली नाहीत. १९६८, १९७६, १९८१ अशी आहेत. मी अजून साठाव्या पानावर आहे. रविवारी पुस्तक बरोबर घेऊन जाणार आहे.