गेंद, तेरडा आणि एक्स्पोजरचा हिशोब

पांढऱ्या फुलाला एक्स्पोजर (फोटोत घ्यायचा उजेड) अधिक, काळ्या किड्याला उणे: मॅक्रो, म्हणजे लहान गोष्टी अगदी जवळून टिपणं, शिकताना हा नियम सगळ्यात आधी कानावर पडतो. त्यामागचं कारण पक्कं आहे. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या उजेडाचं आहे असं कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर धरून चालतं, म्हणून पांढरं मळकट येतं आणि काळं फिकट. पण साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेंद या पांढऱ्या रानफुलाचे फोटो काढायला बसले की हा नियम उलटाच पडायचा.

गेंदाचा गोंडा जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. भोवती ओलं गर्द गवत आणि काळा कातळ. पायवाट सोडून फुलांत शिरायचं नाही हे माझं ठाम मत आहे, फुलं तुडवून मिळणारा फोटो मला नकोच. त्यामुळे गेंद बऱ्याचदा लांबूनच टिपावा लागतो आणि फ्रेम जवळजवळ सगळी गडद भरते. मीटर त्या गडदपणाला भुलून एक्स्पोजर वाढवतं आणि गोंडा जळून नुसता पांढरा ठिपका उरतो. इथे फूल पांढरं असूनही उणे एक, कधी उणे दीड स्टॉप लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तोच गेंद वाटेच्या कडेला सापडला आणि फ्रेमभर घेता आला, तर मात्र अधिक एक. फूल तेच, ऊनही तेच. हे उमगल्यापासून मी आधी फुलाचा रंग बघत नाही. त्या रंगानं फ्रेममधली किती जागा व्यापली आहे ते बघते.

ढग स्थिर असतील तर याहून सोपा मार्ग आहे. स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या एका छोट्या ठिपक्यावरच उजेड मोजणं) लावून फुलाच्या सगळ्यात उजळ भागावर मोजायचं, त्याला सव्वा-दीड स्टॉप वर ठेवायचं आणि मॅन्युअलवर, म्हणजे कॅमेऱ्याला स्वतःहून काही बदलू न देता, तेच आकडे कायम करायचे. मग मागचं गवत कितीही बदलो. सप्टेंबरात कासवर ऊन-सावलीचा खेळ चालू असतो, तेव्हा मॅन्युअलच्या जोडीला ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यानं आपोआप बदलणं) आणि कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे एक्स्पोजर अधिक-उणे करायचं, चाक बरं पडतं.

तेरड्यानं मला सगळ्यात जास्त झुंजवलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ असा उजेडाचा आलेख) व्यवस्थित, उजवीकडे जागा शिल्लक, आणि घरी संगणकावर पाहावं तर गुलाबी पाकळ्या सपाट, शिरा गायब. साधा हिस्टोग्राम एकूण उजेड दाखवतो आणि त्यात हिरव्याचं वजन सगळ्यात जास्त असतं. पाकळीतला लाल केव्हाच काठाबाहेर गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख लावल्यावर कोडं सुटलं. आता तेरडा आणि सोनकी टिपताना मी फक्त लालच्या आलेखाचा उजवा काठ बघते. तो टेकला की एक तृतीयांश स्टॉप खाली. रॉ फाइलमधली (सेन्सरनं टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल) सावली नंतर बऱ्यापैकी उचलता येते, पण पूर्ण जळलेली पाकळी परत येत नाही.

किड्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे उजेडच पुरत नाही. लेन्स एकास एक मापापर्यंत (किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटेल इतकी) जवळ नेली की सेन्सरवर उजेड चौथाईवर येतो, म्हणजे दोन स्टॉप गेले. त्यात किडा डोक्यापासून शेपटीपर्यंत स्पष्ट हवा म्हणून अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) बारीक, एफ ११. मग फ्लॅश आलाच. मात्र शटर १/२०० सेकंद आणि आयएसओ २०० ठेवलं की नाकतोडा छान येतो आणि मागचं रान काळंकुट्ट होतं, भर दुपारी रात्र झाल्यासारखं. मला ते आवडत नाही. नाकतोडा ज्या हिरव्यात राहतो ते दिसायला हवं. म्हणून आयएसओ ८००, शटर १/१००, आणि फ्लॅश थोडा उणे. मागचं हिरवं नैसर्गिक उजेडातून येतं. किड्याची हालचाल फ्लॅशची क्षणभराची लकाकी गोठवते.

चकचकीत पाठीचे भुंगेरे आले की पडद्यावर जळलेला भाग दाखवणारी इशाऱ्याची लुकलुक दिसतेच. ती मी तशीच राहू देते. पाठीवरची झळक म्हणजे फ्लॅशचंच प्रतिबिंब, त्यात वाचवण्यासारखा तपशील नसतो, आणि तिच्यासाठी एक्स्पोजर उतरवलं तर पाय आणि मिशा अंधारात जातात. अशा वेळी मी आकडे हलवत नाही, डिफ्युजर (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) किड्याच्या आणखी जवळ आणते.