बी चॅनलचा घोळ सुटला, आणि दोष रॅमचा नव्हता

घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरला एकदाचे रॅमचे ३२ जीबी दिसले! मागच्या नोंदीत गाडी बोर्डावरच्या पिवळ्या दिव्यावर, म्हणजे रॅमच्या तक्रारीवर, अडकली होती, तिथून इथवर यायला चार संध्याकाळी गेल्या. ‘रॅम बदलून घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, दोन्ही स्टिक ठणठणीत आहेत.

जुळणी तीच: रायझन ५ ७६०० सीपीयू, बी६५० मदरबोर्ड, रॅमच्या १६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक, ६५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). ग्राफिक्स कार्ड अजून नाही. ७६०० मध्ये कामापुरतं जीपीयू असतंच, एचडीएमआय बोर्डाच्या पोर्टला लावली की झालं.

पहिली संध्याकाळ मात्र फुकट गेली. एएम५ वर, म्हणजे या सीपीयूच्या सॉकेटवर, नवी रॅम लावून पहिल्यांदा चालू केलं की मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे रॅमशी ताळमेळ जुळवला जातो. पंखे फिरतात, स्क्रीन काळी, डीरॅमचा (रॅमचा) तोच पिवळा दिवा पेटलेला, आणि हे काही मिनिटं चालू राहू शकतं. मधेच पॉवर बटण दाबून बंद केलं की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. १५ मिनिटं हाताची घडी घालून बसायचं. त्यानंतरही दिवा तसाच असेल, तरच दोष शोधायला घ्यायचा.

दोष शोधायची रीत साधी आहे. सीपीयूपासून रॅमकडे ए आणि बी अशा दोन वाटा, म्हणजे चॅनल, जातात आणि प्रत्येकीवर दोन खाचा असतात. एकच स्टिक ए२ मध्ये, म्हणजे सीपीयूपासून मोजत दुसऱ्या खाचेत: चालू. दुसरी स्टिक त्याच जागी: चालू. कुठलीही एक बी२ मध्ये, म्हणजे चौथ्या खाचेत: पिवळा दिवा. बी१ मध्येही तेच. दोन्ही स्टिक ए चॅनलवर चालतात आणि बी चॅनलवर एकही नाही, म्हणजे रॅम सुटली. उरले खाचा, कूलरचा दाब आणि सॉकेट.

कूलरचा दाब हे ऐकायला विचित्र वाटतं. पण एएम५ मध्ये पिना सीपीयूला नसतात, सॉकेटमध्ये असतात, १७१८ बारीक स्प्रिंगसारख्या. कूलर एका बाजूने जास्त आवळला तर दुसऱ्या बाजूचा संपर्क कच्चा राहू शकतो. चारही स्क्रू सैल केले आणि तिरक्या जोडीने, प्रत्येकी दोन-दोन फेरे देत पुन्हा आवळले. दिवा पिवळाच.

मग सॉकेट उघडणं आलं. सीपीयू काढून टॉर्च वरून नाही, बाजूने अगदी आडवी धरायची. सगळ्या पिनांची टोकं एका रांगेत सारखी चमकतात; वाकडी पीन तेवढीच काळी दिसते. चारही बाजूंनी फोनचे फोटो काढून मोठे करून पाहिल्यावर दिसला कापसाचा एक तंतू, एका पिनेला अडकलेला, आणि ती पीन शेजारणीकडे झुकलेली. मागच्या वेळी सीपीयू आणि कूलरच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट पुसायला कापूस वापरला होता, आणि तोही उघड्या सॉकेटशेजारी. कर्म!

उपाय: घड्याळजी वापरतात ते १० पट भिंग, शिवणाची सर्वांत बारीक सुई, आणि कोपर टेबलावर टेकवलेलं. तंतू आधी चिमट्याने वर उचलायचा, ओढायचा नाही. पीन टोकाला नाही, बुडाजवळ हलकेच ढकलायची, तीही शेजारच्या रांगेशी जुळेपर्यंतच. जास्त झालं की तुटते आणि बोर्ड गेला. पेस्ट पुसायला आता ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉफीचा फिल्टर पेपर, कापूस हद्दपार. ७००० मालिकेच्या सीपीयूच्या धातूच्या झाकणाला कडेने खाचा असतात, पेस्ट त्यात जाते. तिथे वेळ द्या.

बोर्ड घेताना दुकानातच सॉकेटचं प्लास्टिक झाकण उचलून फोटो काढा. वाकलेल्या पिना सहसा वॉरंटीत धरत नाहीत, आणि ते झाकण फेकू नका, बोर्ड परत द्यायची वेळ आली तर तेच मागतात. मल्टिमीटर, चिमटे, केबल टाय यांसाठी पुण्यातली तापकीर गल्लीच बरी. बोर्ड आणि सीपीयू मात्र पक्क्या बिलाशिवाय कुठूनच नको.

मल्टिमीटर हाती होताच, म्हणून प्लगही तपासला. फेज ते अर्थ साधारण २३० व्होल्ट आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवेत. पेठांतल्या जुन्या वायरिंगमध्ये तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. मग एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मं व्होल्टेज येतं आणि हाताला झिणझिण्या. दोष एसएमपीएसचा नसतो, भिंतीचा असतो.

पीन सरळ झाल्यावर दोन्ही स्टिक ए२-बी२ मध्ये, चार-पाच मिनिटं ट्रेनिंग, आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ३२ जीबी, ४८०० च्या वेगावर. एक्स्पो, म्हणजे रॅमवरच नोंदलेली जास्त वेगाची तयार सेटिंग, लावून ६०००. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टच्या चार फेऱ्या, शून्य चुका. तिथला शून्य बघण्यासारखा असतो! बायोसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर, म्हणजे आधीचं ट्रेनिंग लक्षात ठेवणारी सोय, चालू केल्यावर दर वेळी ट्रेनिंगची वाट पाहणंही संपलं.

पुढे आणखी दोन स्टिक घालून ६४ करायचा बेत होता, तो रद्द. ७६०० ला दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की ३६०० वर येतो. शिवाय ६००० चं एक्स्पो चारवर टिकेलच असं नाही. लागलंच तर ३२ च्या दोन घ्यायच्या आणि या विकायच्या. ते पैसे तूर्त कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या दोन १२० मिमी पंख्यांकडे. की आधी यूपीएस? लिहिता लिहिता यूपीएसचंच पारडं जड होतंय, कारण लांबलचक मेमटेस्ट पुन्हा लावायची तर बुधवारी रात्री नको. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की तिसऱ्या फेरीतच खेळ खलास.