धाकटीचा दुसरा जॉय-कॉन

आखाजी (अक्षय्य तृतीया), रात्रीचे साडेअकरा

घागरी भरून झाल्या, पितरांना आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून झाला. आबा गल्लीतल्या मंडळींबरोबर पत्ते खेळायला बसलेत, ते पहाटेशिवाय उठायचे नाहीत. अंगणातल्या निंबाला बांधलेला झोका आता रिकामाच हलतोय. धाकटी दिवसभर त्याच्यावर होती. आखाजीला माहेरी आलेली लेक झोक्यावरून उतरत नसते, असं माय म्हणते. संध्याकाळी मात्र ती उतरली, घरात आली, आणि पुढचे तीन तास टीव्हीसमोरून हलली नाही. ते लिहून ठेवल्याशिवाय आज झोप येणार नाही.

भाच्याला दाखवायला म्हणून मी स्विच, म्हणजे निन्टेंडोचं गेम खेळायचं यंत्र, टीव्हीला जोडला होता. गेम होता 'पोकेमॉन: लेट्स गो, पिकाचू!'. पोकेमॉन म्हणजे रानातले काल्पनिक प्राणी, पिकाचू त्यांतलाच एक. त्यांना बॉल टाकून पकडतो आणि झुंजवतो तो ट्रेनर. मुंबईहून मागवून मला दीड वर्ष झालं, पण अर्ध्यात सोडून दिला होता. सोडायचं कारण खरं सांगायचं तर गेम नव्हता, त्याच्याविषयी वाचलेलं होतं.

हा गेम १६ नोव्हेंबर २०१८ ला आला. तेव्हाची परीक्षणं मी घेण्याआधी एकूण एक वाचली होती. गुण वाईट नव्हते, शंभरात सरासरी ८० च्या आसपास. रंग, झाडं, गावं, संगीत यांचं कौतुक सगळ्यांनीच केलं. रानातले पोकेमॉन आता गवतात दडून न राहता डोळ्यांसमोर हिंडताना दिसतात, हेही सगळ्यांना आवडलं. पण 'पण' सगळ्यांचा एकच होता. जुन्या गेममध्ये रानातल्या पोकेमॉनशी आधी झुंज द्यायची, त्याला दमवायचं आणि मग बॉल टाकायचा. इथे मोबाईलवरच्या 'पोकेमॉन गो'सारखा नुसता बॉल फेकायचा, झुंज बहुतेक दुसऱ्या ट्रेनरशीच. मूळ मालिकेत असलेल्या पोकेमॉनच्या खास क्षमता काढल्या, हातात वस्तू देणं काढलं, अंडी-पिल्लं काढली. म्हणून हा सोपा, लहान मुलांचा, मुख्य रस्त्याला फुटलेली पाऊलवाट. कंपनीने त्याला मुख्य मालिकेतच धरलं, चाहत्यांनी मात्र स्पिन-ऑफ, म्हणजे उपशाखा, म्हणूनच वागवलं. तरी दीड महिन्यात, २०१८ च्या डिसेंबरअखेर, जोडीने आलेल्या 'ईव्ही' आवृत्तीसकट एक कोटी प्रती खपल्या होत्या.

हे सगळं डोक्यात घेऊन खेळायला बसलं की गेम दिसतच नाही. गेममध्ये काय काय नाही, तेवढंच दिसत राहतं. माझं तसंच झालं होतं.

धाकटीने एक ओळही वाचलेली नव्हती. ती दारात उभी राहिली, पडद्यावर पिकाचू पाहिला आणि म्हणाली, "भाऊ, हाऊ तोच ना?"

तोच. २००३ पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीत लागायचा तोच. मी तेव्हा पाचवीत, ती तिसरीत. दिवसातले कितीतरी तास भारनियमनाचे, त्यातून वीज असायची त्या अर्ध्या तासात शेजारच्या काकूंकडे पळायचं. चिप्सच्या पाकिटातले टाझो आमच्याकडे मोजून सतरा होते आणि ते रिकाम्या पावडरच्या डब्यात राहायचे. पण पाहायला बसायचो मी. तिला निम्म्यात हाक यायची. नळाला पाणी आलं, हंडा लाव. कणीक मळ. वाळवण गोळा कर. मला हाक आल्याचं एकदाही आठवत नाही. मग रात्री गच्चीवर गोधडीत पडून मी तिला राहिलेली गोष्ट सांगायचो, आणि ती आभाळाकडे बघत ऐकायची. मध्येच थांबवून विचारायची, "मंग?" कधी कधी मी मला आठवत नसलेला भाग बनवून सांगितला. ते तिला आजपर्यंत माहीत नाही. उद्या सांगेन.

आज तिला दुसरा जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा हातात धरायचा कंट्रोलर, दिला आणि म्हटलं, हलव. तिने हलवला, आणि पडद्यावर माझ्या शेजारी दुसरी पोरगी येऊन उभी राहिली. एवढंच. ना मेनू, ना नाव टाकणं, ना काही. धाकटी हातातल्या त्या बोटभर तुकड्याकडे बघत राहिली. "ही मी?"

ही सोय परीक्षणांत दोन ओळींत उरकली होती. दोघं मिळून खेळलं तर समोरच्या एका पोकेमॉनवर आपले दोन जातात, गेम आणखीच सोपा होतो, अशी तक्रार. तक्रार खरी आहे. आमच्या दोघांपुढे आज एकही ट्रेनर टिकला नाही. पण ज्या बाईला वीस वर्षांत पुऱ्या अर्ध्या तासाचा भाग पाहायला मिळाला नाही, तिला अवघड गेम देऊन मी काय सिद्ध करणार होतो?

तिचा फेकणारा हात मात्र लिहून ठेवण्यासारखा आहे. मी बॉल टाकतो तो परीक्षणं वाचलेल्या माणसासारखा, मनगट जपून. हात जरा तिरपा झाला की बॉलही तिरपा जातो, यावर समीक्षकांनी बरंच लिहिलंय. धाकटी पदर खोचून उभी राहिली आणि लहानपणी बोरीला दगड मारायची तसा कोपर मागे नेऊन हात सोडला. पडद्यावर पोकेमॉनभोवती एक कडं असतं, त्यात दुसरं कडं लहान लहान होत जातं. ते अगदी बारीक झालेलं असताना बॉल आत पडला पाहिजे. तिने ते मला विचारलं नाही, दोन वेळा पाहिलं आणि तिसऱ्या वेळी बरोबर क्षण गाठला. मग आम्ही एक, दोन, तीन म्हणून दोघांनी एकदम टाकला. एकदम टाकला की दोन बॉल मिळून एक होतो आणि पोकेमॉन सहज सापडतो. माय सैपाकघरातून ओरडली, "काय आदळी ऱ्हायनात रे?"

तिला या वेळी कुणी कणीक मळायला बोलावलं नाही. कणीक मी दुपारीच मळून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी, दुपार

बाहेर ४४ अंश. पडदे ओले करून लावलेत, कूलर भाच्याच्या तोंडावर. तो झोपलाय आणि आम्ही दोघं खेळतोय. गेम इंग्रजीत. तिला वाचता येतं, पण पडद्यावरची वाक्यं पळतात, म्हणून मी अहिराणीत सांगत जातो. माझं तेच जुनं काम, फक्त आता तीही शेजारी बसून पाहतेय.

एक गोष्ट सकाळपासून डोक्यात आहे. जवळजवळ सगळी परीक्षणं या गेमला स्मरणरंजन म्हणतात आणि मोजमाप लावतात ते मूळ गेमचं. मालिकेची सुरुवात जपानमध्ये १९९६ साली 'रेड' आणि 'ग्रीन'ने झाली, १९९८ साली 'यलो' आला, आणि 'लेट्स गो' हा त्या 'यलो'चाच नवा अवतार. हे गेम ज्या काल्पनिक मुलखात घडतात त्या कांतो प्रांतात खेळाडू किती वेळा जाऊन आले होते! २००४ मध्ये 'फायररेड' आणि 'लीफग्रीन', शिवाय 'गोल्ड-सिल्व्हर'मध्येही उत्तरार्धात कांतोच. म्हणून कुणी 'पुन्हा कांतो' म्हणून कंटाळलं, तर कुणी भारावलं. कंटाळा काय, भारावणं काय, दोन्ही आधी तिथे जाऊन आलेल्यांचं.

आम्ही कधी गेलोच नव्हतो. अमळनेरात १९९८ ला हे गेम खेळायचा गेमबॉय कुणाकडे होता? आमचा कांतो काकूंच्या चौदा इंची टीव्हीत होता आणि तो हिंदीत बोलायचा. वाचताना मला उगाच वाटत राहायचं की आपली आठवण दुय्यम आहे, खरी आठवण त्यांची. आज मात्र गेममध्ये जेसी आणि जेम्स, टीव्हीवरची ती खलनायकांची जोडी, समोर आले, धाकटी टाळी वाजवून किंचाळली, आणि मला एकदम उमगलं. ही जोडी 'रेड' आणि 'ग्रीन'मध्ये नव्हतीच. टीव्हीवरची मालिका १९९७ ला सुरू झाली, लोकांनी डोक्यावर घेतली, आणि तिच्यावरूनच 'यलो' बेतला गेला. पिकाचूने बॉलमध्ये जायला नकार देऊन मागे मागे चालणं, जेसी-जेम्सने वाट अडवणं, हे सगळं टीव्हीवरून गेममध्ये आलं. म्हणजे समीक्षक ज्याला मूळ म्हणून उराशी धरतात, तेच मुळात आमच्या टीव्हीतून निघालंय. आम्ही पाहुणे नाही.

हे मी धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "ते जाऊ दे, आठे दख, कॅटरपी."

मग कॅटरपी या अळीची बटरफ्री, म्हणजे फुलपाखरू, झाली. टीव्हीवर मालिकेचा नायक ॲश तिला सोडून देतो तो भाग तिने सबंध पाहिला होता. त्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं.

तिसरा दिवस

आज भांडण झालं. लिहायलाच हवं, कारण बाजू तिची बरोबर होती.

या गेममध्ये पोकेमॉन पकडला की आपल्या सगळ्या चमूला अनुभव मिळतो. शिवाय नको असलेले प्रोफेसर ओककडे पाठवले की बदल्यात गोळ्या मिळतात. गोळ्या खाऊ घातल्या की आपला पोकेमॉन बळकट होतो. म्हणून मी दिसेल तो पिजी (पाखरासारखा साधा पोकेमॉन) पकडत होतो आणि एकगठ्ठा पाठवून देत होतो. पन्नासेक झाले असतील. धाकटी गप्प होती. मग तिने विचारलं, "ह्या पाठवलेल्या परत येतात?"

नाही, म्हटलं.

"मग त्यांचं काय होतं?"

मला सांगता येईना. गेम त्याविषयी बोलत नाही. एकावन्न पिजी गेले, गोळ्यांची पिशवी भरली, प्रोफेसर खूश. मी म्हटलं, अगं गेम आहे. ती म्हणाली, "बटरफ्री सोडली तेव्हा तो रडला होता. तू तर बघतही नाहीस कोण चाललंय." आणि जॉय-कॉन गादीवर ठेवून उठली.

मी वाचलेल्या परीक्षणांत झुंज गेली म्हणून हळहळ होती, सोपेपणावर परिच्छेदच्या परिच्छेद होते, एका हाताच्या कंट्रोलवर नाराजी होती. हा प्रश्न मला त्यांत कुठेच भेटला नाही. माझ्या मते या गेमची खरी खोट इथे आहे. रानात एकेक जीव डोळ्यांसमोर हिंडताना दाखवायचा, त्याला चाल द्यायची, आपल्या मागे चालवायचा, मोठा असेल तर पाठीवर बसू द्यायचं, इतका जिव्हाळा लावायचा. आणि मग त्याच जिवांची मापाने गोळ्यांत मोड करायला शिकवायचं. झुंज काढली याचं मला आता काहीच वाटत नाही. याचं वाटतं.

संध्याकाळी मी तिला गच्चीवर गाठलं. तिथेच सांगितलं की लहानपणी मी काही गोष्टी बनवून सांगितल्या होत्या. ती म्हणाली, "माले माहीत व्हतं. तुझ्या गोष्टीत नेहमी शेवटी सगळे घरी यायचे."

एकादशी, रथाचा दिवस

बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेची दुकानं लागलीत, मोठे पाळणे फिरताहेत. रथ पाहून धाकटी दुपारच्या बसने सासरी गेली. भाच्याने खिडकीतून दोनदा बॉल फेकल्याचा हात केला.

घरी येऊन स्विच लावला. तिचा जॉय-कॉन तिने ठेवला होता तिथेच, उशीखाली. गेमच्या पेटीत हजार पोकेमॉन मावतात. भांडणानंतरच्या पाच दिवसांत आम्ही पकडलेले सगळे तिथे आहेत. पिजी, रटाटा, ऑडिश, आणि सगळ्यांत वर तिची बटरफ्री. एकही पाठवलेला नाही. गोळ्या संपल्यात, त्यामुळे पुढच्या जिमपाशी, म्हणजे मोठ्या ट्रेनरच्या आखाड्यात, माझा पिकाचू दोनदा हरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच गेम अवघड वाटला.

तिला फोन करून सांगितलं. तिकडून आवाज आला, "मंग?"