देऊळ गावाक, कागद वरळीक

गेल्या रविवारी लालबागच्या आमच्या गावकीच्या, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या, खोलीत सभा झाली. दारात चपलांचा ढीग, आत पंचवीस माणसं आणि एक पंखा. मी खजिनदार, त्यामुळे बोलणी खायचा पहिला मान माझा. चेंज रिपोर्टचा, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवण्याचा, विषय निघताच तात्या उठले, "देऊळ गावाक, आमी हय. मगे वरळीक कित्याक जावचा?"

प्रश्न खुळा नाही. आमचं मंडळ १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं. धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी काढलेली अशी संस्था १९५०चा आपला महाराष्ट्राचा विश्वस्त व्यवस्था कायदा 'सार्वजनिक न्यास' (पब्लिक ट्रस्ट) म्हणूनच धरतो. म्हणून आमचा नोंदणी नंबर 'एफ'ने सुरू होतो. आणि नोंदणी कुठे करायची, तर जिथून कारभार चालतो किंवा जिथे मिळकत आहे तिथल्या धर्मादाय कार्यालयात. आमच्या वह्या, पावतीपुस्तकं, बँक सगळं लालबागात. म्हणून वरळी.

एवढ्यावर भागलं असतं, पण वाड्यातले काका म्हणाले, "देऊळ आमच्या पणजोबांनी बांधलं. ते खाजगी. त्याचा कायद्याशी संबंध काय?" आता खाजगी न्यास असतात, नाही असं नाही. माझ्या मावशीने नातवंडांच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला ठेवले, त्याला १८८२चा खाजगी न्यासांचा कायदा. धर्मादाय आयुक्तांना त्याचं काही देणंघेणं नाही. पण देवळाचं वेगळं. उत्तर प्रदेशात सीतापूर जिल्ह्यातल्या एका राधाकृष्णाच्या देवळावरून सर्वोच्च न्यायालयात हाच वाद गेला होता, १९५६ साली निकाल लागला. देऊळ एकाच माणसाने स्वतःच्या पैशाने बांधलेलं, तरी ते सार्वजनिक ठरलं. लाभ ठराविक माणसांना की सगळ्या भाविकांना, हे तिथे पाहिलं गेलं. आमच्या रवळनाथाची पालखी सगळ्या वाड्यांतून फिरते, जत्रेला परगावची माणसं येतात, गाऱ्हाणं कुणीही घालतं. काकांच्या पणजोबांनी दगड आणले असतील. देव मात्र गावाचा झाला. (हे मी सभेत बोललो नाही. खोलीची जागा लहान.)

मग एक पोरगा म्हणाला, गोव्यातल्या आमच्या कुलदेवीच्या जीर्णोद्धारालाही मंडळातून पैसे देऊ. तिथली देवस्थानं अजून पोर्तुगीज काळातल्या १९३३च्या नियमावलीने चालतात, महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद) वगैरे. आमचा कायदा त्या देवळापर्यंत पोचत नाही, पण इथे गोळा झालेला पैसा मात्र इथल्याच हिशोबात दिसला पाहिजे. उलट प्रकारही आहे: चारुशीला दासींच्या खटल्यात देवस्थान देवघरला, म्हणजे तेव्हाच्या बिहारात, आणि मिळकत थोडी बंगालमध्ये. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, न्यास बिहारातला, तेव्हा कायदा बिहारचा. आमच्या मंडळाच्या घटनेत गोव्याचा उल्लेखच नाही, म्हणून आधी ती वाचा म्हटलं, आणि विषय पुढे ढकलला.

खरी लाज वेगळीच. आमचे दोन विश्वस्त वारले त्याला तीन वर्षं झाली. चेंज रिपोर्ट नव्वद दिवसांत द्यायचा असतो. आता उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज. चूक माझी, फाईल माळ्यावर होती.

ठराव झाला, सह्या झाल्या. तात्यांनीही केली. वाड्यातले काका मात्र "बघतंय" म्हणून उठले. त्यांची एक सही अजून बाकी आहे.