चिठ्ठी त्यांनी लावायची, कुलूप आपण

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात कुणीतरी राऊटर घेऊन येतं, काउंटरवर ठेवतं आणि आवाज खाली आणून म्हणतं, "घाणेरडं काय उघडायलाच नको, असं कायतरी करून द्या की." घरात पोरगं आठवी-नववीत असतं. पुढचा प्रश्नही ठरलेला: "सरकार हे सगळं बंदच का करत नाही ओ?"

सरकारनं करून बघितलंय. २०१५ च्या जुलैअखेर ८५७ साईट बंद करायचा हुकूम निघाला. यादीत निव्वळ विनोदाच्या साईटही निघाल्या, देशभर बोंब झाली आणि काही दिवसांतच हुकूम सैल करावा लागला. २०२३ च्या जूनमध्ये तर आपण कोल्हापूरकरांनी याहून मोठं कुलूप बघितलं. सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून शहर पेटलं आणि अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद. ज्यानं स्टेटस ठेवलं त्याचंही बंद, आणि ज्याला दूधवाल्याचे पैसे फोनवरून द्यायचे होते त्याचंही.

मला यात जुनीच एक कल्पना पटते. नेट कॅफे चालवायचो तेव्हा इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरमध्ये 'कंटेंट ॲडव्हायझर' नावाची सोय होती. 'टूल्स'मधून 'इंटरनेट ऑप्शन्स', मग 'कंटेंट'चा टॅब. तिथं चार ओळी दिसायच्या: भाषा, नग्नता, संभोग, हिंसा. प्रत्येकीला शून्य ते चार अशी सरकपट्टी. मालकानं आपल्याला झेपेल तिथं पट्टी थांबवायची आणि पासवर्ड टाकायचा. यामागं 'पिक्स' नावाचं मानक होतं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं ते १९९६ साली आणलं. अमेरिकेत त्याच वर्षी अश्लील मजकुरावर थेट कायदा झाला होता आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्याची मुख्य कलमं उडवली. बंदी नको, मग काय, या प्रश्नावर पिक्सचं उत्तर साधं होतं. साईटवाल्यानं आपल्या पानाच्या कोडमध्ये कुठल्या ओळीला किती गुण हे सांगणारी एक चिठ्ठी, म्हणजे रेटिंग, लावायची, किंवा त्रयस्थ संस्थेनं लावायची. काय बघायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. खाण्याच्या पाकिटावर शाकाहारी-मांसाहारी सांगणारी हिरवी-तपकिरी खूण असते तसंच हे. खूण बघून कोण पाकीट उचलतो, कोण ठेवतो. पण म्हणून कोल्हापुरात मटण बंद करा असं कुणी म्हणणार नाही. म्हणून बघावं एकदा!

गाडं अडलं ते चिठ्ठ्यांवर. लावणार कोण? आपली साईट लोकांना कमी दिसावी म्हणून कोण राबतो? बहुतेक साईट चिठ्ठीविनाच राहिल्या. ॲडव्हायझर सुरू केला की बिनचिठ्ठीचं सगळंच अडायचं. विद्यापीठाचा निकाल बघायला आलेली पोरं माझ्याकडं बघायची. मग 'रेटिंग नसलेल्या साईट दिसू द्या' या चौकोनात टिकमार्क करायचा, आणि तो केला की सोय असून नसल्यासारखी. त्यात फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर आला. त्याला या सरकपट्ट्या ठाऊकच नव्हत्या, आणि पोरांना फायरफॉक्स चांगलाच ठाऊक होता.

भाषेच्या पट्टीची तर मला कायम मजा वाटायची. शून्यावर निरुपद्रवी बोली, चारावर अगदी अश्लील. रंकाळ्यावर दोन जिवलग मित्र भेटल्यावर जे बोलतात ते कुठल्या आकड्यावर घालायचं? आणि बातम्यांचं काय? युद्धाच्या फोटोला हिंसेचे चार गुण द्यायचे का? अमेरिकेतल्या बातम्यांच्या साईट १९९७ साली याच मुद्द्यावर बिथरल्या आणि त्यांनी रेटिंग नाकारलं. बरोबरच केलं. तिथल्या नागरी हक्कवाल्यांनी तेव्हाच बजावलं होतं की आज ऐच्छिक असलेली चिठ्ठी उद्या सक्तीची होईल आणि सरकार तीच चाळणी वरच्या पाइपात, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्याकडंच, बसवेल. ही भीती मला अजूनही खोटी वाटत नाही. म्हणून चाळणी घरातच असावी, केबलवाल्याकडं नको.

पिक्सचा कारभार पुढं आटोपला. चिठ्ठीची कल्पना मात्र दुसरीकडं तगली. २०२१ च्या नियमांपासून आपल्याकडं ओटीटीवर यू/ए ७+, १३+, १६+ असे शिक्के दिसतात, १३+ पासून वर पालकांच्या कुलपाची सोय द्यावी लागते. तिथं ते जमतं, कारण दुकानं मोजकी आहेत. वेबवर कोट्यवधी आहेत.

म्हणून हल्ली मी राऊटरमध्ये डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून देतो, क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३. प्रौढांच्या साईट त्यात उघडत नाहीत. पण ही यादी कंपनीची, आपली नव्हे. २०२० मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा समलिंगी लोकांना माहिती-मदत देणाऱ्या साईटही तिनं अडवल्या होत्या. ओरड झाल्यावर सुधारलं. चिठ्ठी निदान कोड उघडून वाचता तरी यायची.

हे लावून द्यायचे मी पैसे घेत नाही. अटी दोनच. कुलूप लावलंय हे पोराला घरी गेल्यावर सांगायचं, चोरून लावायचं नाही. आणि राऊटरचा पासवर्ड स्वतः टाकायचा, तोवर मी गिऱ्हाइकाकडं पाठ करून उभा राहतो. बहुतेक जण तरीही पोराच्या जन्मतारखेचाच टाकतात.