तुम्ही विचारलंत म्हणून: हुशार लेकरू टेस्टलाच का जाईना?

"मॅडम, दहावीला पंच्याण्णव टक्के घेतलेलं लेकरू. आता रविवार आला की पोट दुखतंय म्हणतंय, टेस्टलाच जाईना गेलंय. आळस चढला की काय?" लातूरच्या ट्यूशन एरियात मी फिजिक्स शिकवते. परभणी-हिंगोलीकडून आलेले पालक फीच्या पावतीसोबत हा प्रश्नही घेऊनच येतात. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर त्यांना पटत नाही, म्हणून लिहिते.

आळशी पोरगं टेस्टला येतं. मागं बसतं, जमतील तेवढे गोल काळे करतं, सुटलं की वडापाव खायला पळतं. पोट दुखतं ते वहीत एक रेघ वाकडी गेली म्हणून पान फाडणाऱ्याचं. त्याला सगळा सिलॅबस पक्का झाल्यावरच टेस्ट द्यायची असते, आणि तो दिवस काही उजाडत नाही. टेस्ट दिलीच नाही, तर 'दिली असती तर मार्क आलेच असते' असं म्हणायला जागा राहते. दिली आणि कमी पडले, तर तीही गेली.

१९७८ साली बर्गलास आणि जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना न सुटणारे प्रश्न दिले आणि वर 'छान सोडवलेत' म्हणून सांगितलं. पुढच्या फेरीआधी दोन औषधांतलं एक निवडायचं होतं. एकानं डोकं चांगलं चालेल, दुसऱ्यानं मंद होईल, असं सांगितलेलं. शाबासकी कशाची मिळाली हेच न कळलेल्या मुलांचा ओढा मंद करणाऱ्या औषधाकडे जास्त दिसला. आता चुकलं तर दोष औषधाचा! (मुलींमध्ये हे तितकं ठळक दिसलं नाही.) रविवारची पोटदुखी हेच काम करते. ती खोटी नसते हं, भीतीनं पोटात खरंच कळा येतात.

टेस्टला बसतात त्यांचंही नुकसान होतंच. डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकीला उणे १. चारपैकी दोन पर्याय खात्रीनं बाद झाले, तर उरलेल्या दोनांत अंदाज मारूनही सरासरी दीड मार्क पडतो. पण चुकणं म्हणजे इज्जत जाणं असं ज्याला वाटतं, तो प्रश्न कोराच सोडतो. असे १० प्रश्न म्हणजे सरासरी १५ मार्क गेले.

ह्युइट आणि फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले. स्वतःकडून बिनचूकपणा मागणं, दुसऱ्याकडून मागणं, आणि 'लोकांना माझ्याकडून बिनचूकच हवंय' असं मनानं धरून बसणं. हा तिसरा सगळ्यांत जाचक. नैराश्याशी त्याचा संबंध पुन्हापुन्हा दिसलाय. आमच्याकडं तर तो चौकाचौकात फ्लेक्सवर लावलेला असतो, फोटो आणि रँकसकट. घरी कुणी रागवायचीही गरज नसते. सोयाबीन विकून फी भरली, हे लेकराला माहीत असतंच.

तर करायचं हे, की अर्धवट तयारीवरच टेस्टला पाठवायचं आणि त्या संध्याकाळी फोनवर मार्क विचारायचे नाहीत. जेवण-झोप तुटली असेल, जगणंच नको असल्यासारखं बोलत असेल, तर मात्र थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलतात.

"मार्क नाही विचारायचे, तर मग बोलायचं काय?" एका वडिलांनी मला विचारलं. रास्त होतं त्यांचं. लेकरू लातूरला आल्यापासून दोघांचं दुसरं बोलणंच झालं नव्हतं. म्हटलं, म्हैस व्यायली का, ते सांगा.