बिअर दोनशेची, बिल दोन हजारांचं

बँकॉक किंवा पटायाला जायचं ठरलं की आपल्याकडे ऑफिसात डोळे मिचकावणं सुरू होतं. विचारण्यासारखं मात्र कुणी विचारत नाही: तिथे पैसे नेमके कशाचे लागतात?

बँकॉकमधल्या सोई काउबॉय या बारच्या गल्लीत गुलाबी-लाल दिव्यांखाली मी बसलो तेव्हा बिअर दोनशे बाटच्या आसपास होती, म्हणजे साधारण पाचशे रुपये. हीच बिअर कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. वरचे पैसे संगतीचे. शेजारी येऊन बसलेल्या मुलीला आपण पेय पाजायचं, त्याला ‘लेडी ड्रिंक’ म्हणतात. तो ग्लास आपल्या बिअरपेक्षा महाग असतो आणि त्यातला वाटा तिला मिळतो. प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी गुंडाळून आपल्यापुढच्या छोट्या कपात खोचली जाते. कप आपल्याच नाकासमोर असतो, त्यामुळे फसवाफसवीला वाव कमी. मी अधूनमधून चिठ्ठ्या काढून वाचायचो, कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. काउंटरवर टांगलेली घंटा मात्र वाजवू नये. ती वाजवली की सगळ्यांना एक राउंड तुमच्याकडून! आमच्यातला एक उत्साही गडी दोरीपर्यंत पोचला होता, त्याला शर्टाला धरून मागे ओढावं लागलं.

बँकॉकच्याच पॅटपाँग भागात रस्त्यावर छापील कार्ड दाखवून ‘शो फुकट, फक्त बिअर घ्या’ म्हणत वरच्या मजल्यावर नेणारे दलाल भेटतात. जाऊ नका. उतरताना बिलाचा आकडा वेगळाच असतो आणि दाराशी उभा असलेला माणूस वाद घालायच्या आकाराचा नसतो. आणि इतकं सगळं उघड्यावर चालत असलं, तरी थायलंडच्या कायद्यात वेश्याव्यवसायाला मान्यता नाही. तिथल्या बायकांशी बोलताना एवढं लक्षात ठेवलं तरी आपली जीभ आपोआप सांभाळली जाते.

टोकियोत संगतीआधी खुर्चीचेच पैसे. शिंजुकूच्या गोल्डन गाईत दोनशेच्या आसपास चिमुकले बार आहेत. एकेकात सहा-आठ जण बसले की दार लावून घ्यायचं. बऱ्याच ठिकाणी दारावरच पाचशे ते हजार येन बैठकशुल्क लिहिलेलं असतं. काही दारांवर ‘फक्त नेहमीचे गिऱ्हाईक’ अशीही पाटी दिसते, तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही. इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या बारमध्ये, बसताक्षणी न मागता एक वाटी समोर येते, तिला ओतोशी म्हणतात. मला एकदा गार झालेल्या भोपळ्याच्या दोन फोडी आल्या. त्यांचेही तीनचारशे येन. सुरुवातीला राग येतो, पण टिप द्यायची पद्धतच नाही म्हटल्यावर हिशेब बरोबर बसतो. स्वतःचा ग्लास स्वतः भरू नये. शेजाऱ्याचा भरावा, तो तुमचा भरतो. जवळच्याच काबुकिचो या रात्रजीवनाच्या वस्तीत मात्र हाक मारणाऱ्या दलालामागे जाऊ नका, असं लाउडस्पीकरवरून सतत बजावत असतात. मध्यरात्रीच्या सुमारास शेवटची लोकल गेली की पहाटे पाचपर्यंत काही नाही आणि टॅक्सीला रात्री दहानंतर वीस टक्के जास्त लागतात. मुंबईकराला हे गणित शिकवावं लागत नाही.

ॲमस्टरडॅमबद्दल फार लिहीत नाही. डी वालेन या तिथल्या लाल दिव्यांच्या वस्तीत वेश्याव्यवसाय कायदेशीर आहे, कुंटणखान्यांवरची बंदी 2000 साली उठली. पण गिऱ्हाइकासाठी खिडक्यांत उभ्या असलेल्या बायकांचे फोटो काढणं सक्त मना. गाइडनी पर्यटकांचे तांडे त्या खिडक्यांसमोरून न्यायलाही 2020 पासून बंदी आहे. आपल्याकडचे काही काका तरीही मोबाइल वर करतात, तेव्हा ओळख दाखवावीशी वाटत नाही.

आणि गोवा? दारू स्वस्त, हे खरंच. पण बागा-कळंगुटच्या क्लबांत पुरुष असण्याचे पैसे लागतात. जोडप्याला सवलतीत किंवा फुकट प्रवेश, नुसत्या पोरांच्या टोळक्याला ‘स्टॅग एंट्री’चे दोन-तीन हजार, नाहीतर दारातूनच परत. कव्हरचे, म्हणजे प्रवेशाचे, पैसे दारूत वळते होतात का, हे आत जाण्याआधी विचारून घ्यावं. उघड्यावर रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावता येत नाहीत, म्हणून पाळोळेला कानाला हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या निघाल्या. हेडफोन काढला की नुसते पाय आपटल्याचे आवाज येतात, ते ऐकून मी बराच वेळ हसत होतो. परतीच्या टॅक्सीचा भाव मात्र संध्याकाळीच ठरवून ठेवा. रात्री दोनला क्लबच्या दारात भाव टॅक्सीवाला ठरवतो, आणि तेव्हा घासाघीस करायच्या अवस्थेत आपण नसतो.